अंड्याला पर्याय केळं नव्हे

नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने ठरवलं की, शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा मुलांना अंडं द्यायचं. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं किंवा एखादं स्थानिक फळ द्यायचं. एका अंड्यासाठी पाच रुपये धरले होते. शाळेत अंडं असावं की असू नये यावर मग राज्यभर वाद रंगला, तो नागपुरातही रंगला. या गदारोळात निर्णयाच्या दुसऱ्या वाक्याची चिकित्सा मात्र राहून गेली. पन्नास ग्रॅमच्या अंड्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. शंभर ग्रॅम केळ्यात जेमतेम एक ग्रॅम. केळं चांगलं फळ आहे, त्यातून ऊर्जा मिळते, पोटॅशियम मिळतं, मुलांना आवडतं, सोलायला सोपं. पण अंडं ताटात आलं ते प्रथिनांसाठी, आणि त्या कामात केळं त्याच्या जवळपासही पोचत नाही. म्हणजे घरच्या संस्कारामुळे किंवा आवडीनिवडीमुळे अंडं न खाणाऱ्या मुलाला त्या दिवशी पर्याय मिळाला असं कागदावर दिसलं, प्रत्यक्षात त्याची समजूत घातली गेली. पुढे जानेवारी 2025 मध्ये अंड्यासाठीचा आणि गोड पदार्थांच्या साखरेसाठीचा वेगळा निधीच थांबला. अंडा पुलाव, तांदळाची खीर, नाचणीसत्त्व हे पदार्थ ऐच्छिक झाले आणि हवे असतील तर शाळांनी लोकवर्गणीतून करावेत असं ठरलं. अंडं खाणाऱ्यांचं अंडं गेलं, न खाणाऱ्यांचं केळंही गेलं. आता पुन्हा या विषयाकडे वळायचं असेल, तर वनस्पतीजन्य पर्याय म्हणजे नेमकं काय, याचा हिशोब आधी मांडायला हवा. अंड्याच्या तोडीचा पर्याय वनस्पतींमधून देता येतो, तो नागपूरच्या आसपास पिकतो आणि अंड्याच्याच पैशात बसतो. तो नीट रचावा मात्र लागतो.

त्यासाठी आपलं शाळेतलं ताट कसं घडलं ते पाहू. 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात मुलांना शिजवलेलं अन्न मिळत नव्हतं. हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. 28 नोव्हेंबर 2001 रोजी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला आणि मग शाळाशाळांत चुली पेटल्या. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने या जेवणाला हक्काचं रूप दिलं आणि प्रमाणही ठरवलं. पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिनं. हे साधायला लहान मुलाला शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी आणि पाच ग्रॅम तेल. मोठ्याला साधारण याच्या दीडपट. आता बेरीज करून बघा. शंभर ग्रॅम तांदळात पावणेआठ-आठ ग्रॅम प्रथिनं असतात, वीस ग्रॅम तूरडाळीत सव्वाचार ग्रॅम. झाले बारा ग्रॅम. नियम पाळला गेला, पण त्यातला दोन तृतीयांश वाटा तांदळाचा आहे. डाळीने उचलायचा भार भातावर टाकून हा आकडा गाठलेला आहे.

यात बिघडलं काय, असं कुणी विचारेल. प्रथिन ते प्रथिन. तसं नसतं. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांतली नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. तांदूळ, गहू, ज्वारी या धान्यांत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं. वाढत्या मुलाच्या स्नायूंना नेमकं तेच हवं असतं. डाळींमध्ये लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी, आणि ते धान्यात असतं. म्हणून वरण-भात, भाकरी-झुणका, खिचडी या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. पण जोडी जमायला प्रमाण लागतं. आहारशास्त्र सांगतं, तीन-चार भाग धान्याला एक भाग डाळ हवी. शाळेच्या ताटात ते पाचाला एक आहे आणि शिजवताना वरण पातळ झालं की वाढताना त्याहूनही कमी पडतं. खालच्या थरातली डाळ शेवटच्या पंगतीला जाते आणि पहिल्या पंगतीला पिवळं पाणी. दोष स्वयंपाक करणाऱ्या बायांचा नाही. शंभर-दीडशे मुलांचं रांधून, वाढून, भांडी घासून त्यांना महिन्याला अडीच हजार रुपये मानधन मिळतं. दोष मोजमापाचा आहे. तीनाला एक हे प्रमाण गाठायचं तर लहान मुलामागे रोज तेरा ग्रॅम डाळ वाढवावी लागेल. डाळ किलोला एकशेवीस रुपये धरली तर हा खर्च दीड रुपयाच्या थोडा वर जातो.

दीड रुपया ऐकायला काहीच नाही, पण या योजनेत तो मोठा आहे. तांदूळ केंद्राकडून येतो. बाकीचं सगळं, म्हणजे डाळ, भाजी, तेल, मीठमसाला आणि इंधन, यासाठी 1 मे 2025 पासून लहान मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे आणि मोठ्या मुलामागे 10 रुपये 17 पैसे आहेत. या रकमेत नागपुरात फार तर एक कप चहा मिळेल, जेवण मिळणार नाही. शाळेतल्या ताटाची कोणतीही चर्चा या आकड्यापासून दूर नेली की ती पोकळ होते. म्हणूनच परदेशातली उदाहरणं आपल्याकडे जशीच्या तशी आणता येत नाहीत. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत फेब्रुवारी 2022 पासून शुक्रवारचं मुख्य जेवण वनस्पतीजन्य झालं. फ्रान्सने 2018 च्या कायद्याने शाळांच्या खानावळीत आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण आणलं. तिथे ताटात मांस जास्त झालं होतं, ते कमी करायचं होतं. आपल्या शाळेतलं ताट आधीपासूनच जवळजवळ पूर्ण वनस्पतीजन्य आहे. प्रश्न कोणत्या वनस्पतीचा आणि किती, एवढाच आहे.

याचं उत्तर शोधायला नागपूरच्या माणसाला लांब जावं लागत नाही. पूर्वेला भंडारा-गोंदियाचा धानपट्टा, पश्चिमेला वर्धा-अमरावतीची कापूस, तूर, सोयाबीनची काळी जमीन, आणि मधे नागपूर. भात आणि भाकरी दोन्ही खाणारा हा मुलूख आहे. तूर, हरभरा, मूग, बरबटी इथे पिकतात. जवस तर इथलं जुनं गळिताचं पीक. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन होतं आणि तिथून निघालेल्या वाणांच्या नावात नागपूरचं आद्याक्षर आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त वाटा ओमेगा-3 गटातल्या मेदाम्लाचा असतो, जे शाकाहारी ताटात एरवी फार कमी येतं. भाजलेल्या जवसाची चटणी चमचाभर भाताबरोबर वाढायला ना वेगळी चूल लागते ना फ्रिज. आणि सोयाबीन. गेल्या चार दशकांत विदर्भाच्या शेतीत सोयाबीनने इतर पिकांना मागे सारलं. या दाण्यात 36 ते 40 टक्के प्रथिनं असतात, तूरडाळीच्या पावणेदोनपट. पण काढणी झाली की तो तेलाच्या गिरणीत जातो. तेल बाटलीत भरलं जातं आणि प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे शाळेत येणाऱ्या अंड्यातलं प्रथिनसुद्धा बऱ्याच अंशी अशाच सोयाबीनमधून आलेलं असतं. ज्याच्या बापाच्या शेतात हे पीक उभं आहे, त्या मुलाच्या ताटात ते थेट यावं यात अवघड काही नाही.

आणि हे नागपूरच्या शेजारी आधी करूनही झालं आहे. अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना डिसेंबर 1934 मध्ये झाली, वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं ठाणं होतं आणि जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहत. तिथल्या स्वयंपाकघरात 1935 मध्ये सोयाबीन शिजवून रोजच्या जेवणात घेण्याचे प्रयोग झाले आणि गांधीजींनी त्यांची माहिती ‘हरिजन’मधून लोकांपुढे ठेवली. पॉलिश न केलेला तांदूळ, घाण्याचं तेल, कच्च्या पालेभाज्या, शेंगदाण्याची पेंड हे सगळं तिथे तपासलं गेलं. गरिबाच्या पैशात त्याचं पोट पुरेसं भरावं हा त्यामागचा हेतू होता, आणि तोच आजच्या शाळेतल्या ताटाचाही आहे. या प्रयोगांतून गांधीजी जिथे पोचले तेही तितकंच महत्त्वाचं आहे. 1942 मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर लिहिताना त्यांनी मान्य केलं की, दुधाची जागा पूर्णपणे घेईल असं वनस्पतीजन्य काही आपल्याला सापडलं नाही. आणि जो दूध घेतो त्याला निर्जीव अंड्याबद्दल हरकत असायचं कारण नाही असंही म्हटलं. शाकाहाराचा आग्रह धरणाऱ्या माणसाची ही प्रांजळ नोंद आहे. वनस्पतीजन्य पर्यायाची बाजू मांडणाऱ्याने ती लपवू नये.

आता ताटात काय वाढायचं ते बघू. विदर्भातली डाळभाजी घ्या. लग्नाच्या पंगतीत ती असतेच, म्हणून तिच्याकडे आहाराच्या नजरेने बघायचं राहून जातं. तूरडाळ आणि मूठभर हरभऱ्याची डाळ, रात्री भिजवलेले शेंगदाणे, भरपूर पालक, त्यात आंबटपणाला चुका किंवा अंबाडी. सगळं एकत्र शिजवून घोटायचं, वरून लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी आणि सांबार, म्हणजे इकडची कोथिंबीर. यात दोन डाळी आहेत, तेलबी आहे, पालेभाजी आहे आणि आंबट आहे. भाताबरोबर ती आली की लायसिन-मेथिओनिनची जोडी पुरी होते. पालेभाजीतून ‘अ’ जीवनसत्त्व देणारं कॅरोटिन मिळतं, आणि फोडणीच्या तेलामुळे ते अंगी लागतं. वाटीभर घट्ट डाळभाजीत पातळ वरणापेक्षा दुप्पट प्रथिनं सहज बसतात. तशीच गोष्ट वडाभाताची आणि गोळाभाताची: भिजवलेल्या डाळी जाडसर वाटून केलेले वडे किंवा हरभऱ्याच्या डाळीचे वाफवलेले गोळे भातात कुस्करून खायचे. हे पदार्थ रोज करणं शाळेच्या चुलीवर शक्य नाही, तळणीचं तेल परवडणार नाही. पण वाफवलेला गोळाभात महिन्यातून एकदा-दोनदा जमू शकतो. राज्याच्या 2024 च्या पाककृतींच्या यादीत मूगडाळ खिचडी, चवळी खिचडी, चना पुलाव, सोयाबीन पुलाव, मोड आलेल्या मटकीची उसळ, मूग-शेवग्याचं वरण हे सगळं आहेच. यादी वाईट नाही. तिला डाळीच्या ग्रॅमांची जोड हवी आणि जिल्ह्याला आपली एखादी पाककृती त्यात घालायची मोकळीक हवी.

पण हे झालं रोजच्या जेवणाचं. अंड्याच्या दिवशी, अंड्याच्या जागी, हातात काय द्यायचं? वीस ग्रॅम फुटाणे, पंधरा ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा. प्रथिनं साधारण आठ ग्रॅम. उष्मांक दीडशेच्या वर, म्हणजे एका अंड्याच्या दुप्पट. वजनाने मागे पडलेल्या मुलाला ते हवेच असतात. फुटाणे आणि शेंगदाणे दोन्ही किलोला दीडशे रुपये धरले तरी सव्वापाच रुपये होतात, आणि नागपूरच्या कळमन्याच्या बाजारातून घाऊक घेतलं तर त्याहून कमी. न शिजवता वाटता येतं, फुटत नाही, सोलावं लागत नाही. बालवाटिकेतल्या लहानग्यांना मात्र अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात; त्यांच्यासाठी कूट करून गुळात लाडू वळावा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल विरळा, पण असतं. त्याची नोंद प्रवेशाच्या वेळीच घ्यायला हवी. आणि फळ द्यायचंच असेल, तर ते या खाऊच्या जोडीला द्यावं, त्याच्या बदल्यात नाही. तेही जळगावच्या केळ्याऐवजी नागपूरचं संत्रं. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून निघतात, दोन्ही हंगाम शाळा चालू असतानाचे. आकाराने लहान म्हणून व्यापारी जी ‘चुरी’ बाजूला काढतात, ती शाळेला स्वस्तात मिळू शकते. डाळी-पालेभाज्यांतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असेल तर ते बरंच वाढतं. डाळभाजीच्या जेवणानंतर अर्धं संत्रं ही म्हणूनच चैन नाही.

या मांडणीवर आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. पहिला आक्षेप असा की, आकडा सारखा असला तरी दर्जा सारखा नसतो. हे खरं आहे. अंड्यातलं प्रथिन जवळजवळ पूर्णपणे पचतं आणि त्यातल्या अमिनो आम्लांचा तोल उत्तम असतो. शेंगदाण्याचं प्रथिन त्या मोजपट्टीवर निम्म्याच्या आसपास उतरतं, हरभऱ्याचं त्याहून बरंच वर. म्हणून तर सहाच्या ठिकाणी आठ ग्रॅम द्यायचे, शेंगदाण्याबरोबर हरभरा घालायचा आणि हे सगळं धान्याच्या जेवणालाच जोडून वाढायचं. सोयाबीन या बाबतीत प्राण्यांपासून मिळणाऱ्या प्रथिनांच्या जवळ जातं. पंधरा ग्रॅम सोयावडीत साडेसात ग्रॅम प्रथिनं असतात. मात्र सोयाबीनच्या कच्च्या दाण्यात पचनाला अडथळा करणारे घटक असतात, ते पूर्ण शिजवल्यावरच जातात, त्यामुळे घाईत अर्धवट शिजवलेलं सोयाबीन पोट बिघडवतं. मोड आणण्याचाही फायदा आहे, लोह आणि जस्त अडवून धरणारे फायटेट त्याने कमी होतात. पण मार्च-एप्रिलमध्ये, सकाळची शाळा असताना, नागपूरच्या उन्हात मटकी आदल्या रात्री बांधून ठेवली तर सकाळपर्यंत आंबूस वास येतो. म्हणून मोडाची उसळ थंडीत आणि पावसाळ्यात, उन्हाळ्यात फुटाणे-शेंगदाणे असा साधा हंगामी विचार वेळापत्रकात हवा. मुंबईच्या हवेवरून ठरवलेलं वेळापत्रक विदर्भाला लागू पडत नाही. इथल्या शाळासुद्धा जूनमध्ये उर्वरित राज्यापेक्षा उशिरा सुरू होतात, ते याच उन्हामुळे.

दुसरा आक्षेप ब-12 या जीवनसत्त्वाचा, आणि त्याला वनस्पतींमध्ये उत्तर नाही. ते जिवाणू तयार करतात आणि ते आपल्यापर्यंत दूध, अंडी, मासे, मांस यांतून येतं. 2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत 17 टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांत 31 टक्के जणांच्या अंगात ब-12 कमी आढळलं. एका अंड्यातून अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास ब-12 मिळतं. फुटाण्यात ते शून्य. 2021 च्या घोषणेनंतर योजनेच्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-12 मिसळण्यात आलं खरं, पण ठरलेल्या प्रमाणाप्रमाणे शंभर ग्रॅम तांदळातून मिळणारं ब-12 एक दशांश मायक्रोग्रॅम इतकंच भरतं. शिवाय पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा आहे, आणि लोहयुक्त तांदळाच्या पोत्यावर सिकलसेलच्या रुग्णांसाठी इशारा छापण्याचा नियम 2018 मध्ये याच काळजीतून झाला होता. त्यामुळे सरसकट मिसळलेल्या तांदळावर सगळं सोपवून इथे निश्चिंत राहता येत नाही. ज्या मुलाच्या घरी दूध-दही येतं त्याला ब-12 साठी शाळेवर अवलंबून राहावं लागत नाही. ज्याच्या घरी येत नाही आणि जो अंडंही खात नाही, त्याला आठवड्यातून दोनदा ताक किंवा दही मिळालंच पाहिजे. हे ताट मग शुद्ध वनस्पतीजन्य राहत नाही, हे कबूल. पण वाढीच्या वयात शुद्धतेपेक्षा पुरेपणा मोठा.

तिसरा आक्षेप साठवणीचा. कर्नाटकात अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की दिली जाई. 2025 च्या सुरुवातीला दर्जाच्या तक्रारींमुळे तिथल्या शिक्षण खात्याने चिक्की थांबवली. महाराष्ट्रातही अंगणवाड्यांसाठीच्या चिक्कीच्या खरेदीवरून 2015 मध्ये मोठा वाद झाला होता. या दोन्ही ठिकाणी अडचण शेंगदाण्याची नव्हती. तयार पाकीटबंद वस्तू विकत आणण्याची पद्धत अडचणीची ठरली. शेंगदाण्याला ओल लागली की बुरशी धरते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होतं. उपाय हाच की, दाणे खरिपाच्या काढणीनंतर जवळच्या बाजारातून थोडे थोडे घ्यावेत, पत्र्याच्या कोरड्या डब्यात ठेवावेत, दर आठवड्याला शाळेतच भाजावेत, आणि पावसाळ्याचे महिने फुटाण्यावर काढावेत. ब्राझीलने 2009 च्या कायद्याने शाळांच्या आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान 30 टक्के भाग लहान शेतकऱ्यांकडून खरेदीसाठी राखून ठेवला. हिंगणा, काटोल किंवा उमरेड तालुक्यातल्या शाळेने जवळच्या शेतकरी गटाकडून तूर आणि हरभरा घेतला तर तेच काम होईल. जवळपास पिकणाऱ्या डाळींचा विषय निघाला की लाखोळीचाही उल्लेख करायला हवा. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत ओलाव्यावर येणारी ही डाळ स्वस्त आणि प्रथिनांनी भरलेली. पण तिच्यात मज्जासंस्थेला इजा करणारं द्रव्य असतं, दुष्काळात महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तेव्हा माणसं पायाने अधू झाली, आणि 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढे रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी विषाचे वाण निघाले. तरीही लहान मुलांच्या ताटात ती नको. वनस्पतीजन्य म्हणजे आपोआप निर्धोक, असं होत नाही. स्वस्त म्हणून काहीही मुलांपुढे ठेवायचं नसतं.

आणि शेवटचा आक्षेप, जो मला सर्वांत गंभीर वाटतो. वनस्पतीजन्य पर्यायाची बाजू मांडली की ती अंडं हटवणाऱ्यांच्या हाती पडते. महाराष्ट्रातले बहुसंख्य लोक अंडं-मांस खातात. सरकारी शाळेत येणाऱ्या दलित, आदिवासी, बहुजन घरांतल्या मुलांना अंडं चालतं, आवडतं, आणि घरी ते रोज परवडत नाही. त्यांच्या ताटातलं अंडं काढायला फुटाण्याचं निमित्त केलं जाणार असेल, तर ते फुटाणे न दिलेले बरे. 2023 च्या निर्णयानंतर काही महिन्यांतच अशी तरतूद आली की, एखाद्या शाळेतल्या 40 टक्के पालकांनी विरोध केला तर त्या शाळेत अंडं द्यायचं नाही. ही तरतूद मुळातच चुकीची आहे. चाळीस मुलांच्या घरी चालत नाही म्हणून साठ मुलांचं अंडं काढणं हा न्याय नव्हे, आणि साठ खातात म्हणून चाळीस जणांच्या हातावर केळं ठेवणं हाही न्याय नव्हे. पर्याय शाळेला नसतो, गावाला नसतो, स्वयंपाकघर चालवणाऱ्या संस्थेला तर मुळीच नसतो. तो ताट घेऊन बसलेल्या प्रत्येक मुलाला असतो. तमिळनाडूत 1989 पासून जेवणात अंडं आहे, आणि त्याच व्यवस्थेत उकडलेला हरभरा किंवा मूग देण्याचीही पद्धत आहे. दोन्ही एकाच चुलीवर शिजतं. अंड्यासाठीचा निधी परत सुरू झाला पाहिजे, आणि त्याच दिवशी, तितक्याच रुपयांचा आणि तितक्याच प्रथिनांचा वनस्पतीजन्य खाऊ बाजूला ठेवला गेला पाहिजे. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. यातलं एक दुसऱ्याची किंमत देऊन मिळवायचं नाही.

मुलांना आवडेल का, हाही प्रश्न विचारला जातो. वेचून टाकलेली सोयावडी ताटाच्या कडेला दिसते ती बहुधा नीट न भिजलेली, आतून फिकी असते. गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून, मसाल्यात परतून मग भातात घातली की ती उरत नाही. स्वयंपाक करणाऱ्या बायांना हे एकदा करून दाखवावं लागतं, आणि त्यासाठी त्यांना एका दिवसाचं प्रशिक्षण, त्या दिवसाचा भत्ता आणि वरचेवर चव पाहणारं कुणीतरी लागतं. चवीची नोंदवही शाळेत असते. ती भरण्याआधी ताट चाखलं गेलं पाहिजे.

केंद्राचा दर वाढेपर्यंत, राज्याचा निधी परत येईपर्यंत थांबायची गरज नाही, कारण काही गोष्टी शाळेच्या पातळीवर आजच होऊ शकतात. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात पालकांचं बहुमत असतं, आणि धान्याचा साठा, रोजचा शिधा, पूरक आहार हे सगळं पाहण्याचा तिला अधिकार आहे. आपलं मूल अशा शाळेत जात असेल तर पुढच्या बैठकीला जा. आज शंभर मुलांमागे किती किलो डाळ शिजली ते विचारा. दोन किलोहून कमी असेल तर का, ते विचारा. शाळेत लोकवर्गणीतून अंडं दिलं जात असेल, तर त्या दिवशी जे मूल अंडं खात नाही त्याला काय मिळतं ते विचारा. आणि उत्तर केळं असं आलं, तर फुटाणे-शेंगदाण्याचा ठराव लिहून द्या, अंडं खाणाऱ्यांचं अंडं कायम ठेवून.